कर्ता नसलेलं वाक्य

पोलीस ठाण्यातल्या पडद्यावर आईच्या घराचा नकाशा होता आणि नकाशात एक पिवळा ठिपका चालत होता.

“ही तुमची आई,” फौजदार नसीमा मुजावर म्हणाल्या.

आईला जाऊन अठरा दिवस झाले होते. ठिपका स्वयंपाकघरातून निघाला. दोन पावलांमधलं अंतर सारखं नव्हतं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती डावा पाय जरा जपूनच टाकायची. बाहेरच्या खोलीत दिवाणासमोर ठिपका थांबला. अकरा सेकंद तिथेच राहिला. मग एक पाऊल मागे गेला. आणखी एक. तिसऱ्या पावलाला तो एकदम पसरला आणि लाल झाला.

“दुपारी चार वाजून बारा मिनिटं,” मुजावर म्हणाल्या. “अहवाल म्हणतो, घरात एकट्या होत्या, तोल गेला, पडल्या.”

“तुम्ही काय म्हणता?”

“मी अहवालाखाली सही करते मॅडम. म्हणणारी मी कोण?” त्यांनी चित्र मागे नेलं आणि ती तीन पावलं मला पुन्हा दाखवली. “पण एक सांगा की. घरात एकटं असताना माणूस उलटं चालतं का हो?”

त्या खोलीत आणखी कोण होतं ते मला माहीत होतं. माझा मुलगा. शर्विल. वय सोळा वर्षं दोन महिने.

यंत्राचं नाव ‘चाहूल’. ज्यांना त्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घराघरात इंटरनेटची काचेची तार आलेली आहे, केसाएवढी बारीक. तिच्यातून प्रकाश जातो, पण सगळा पुढे जात नाही. काचेतल्या सूक्ष्म दोषांवर आपटून त्याचा अगदी थोडा अंश माघारी येतो. घरात कुणी चाललं की फरशी थरथरते, फरशीबरोबर तार कणभर ताणली जाते आणि माघारी येणारा प्रकाश किंचित बदलतो. तो बदल मोजला की कोण, कुठे, किती वजनाने चाललं ते कळतं. प्रत्येकाचं पाऊल वेगळं असतं, सहीसारखं. पडणं आणि ढकललं जाणं यांतही फरक असतो. वेगळा कॅमेरा नको, घरातलं बोलणं चोरून ऐकणंही नको. आधीपासून आलेल्या तारेलाच स्पर्श कळू लागला, एवढंच. पाच वर्षांपूर्वी घरातल्या मारहाणीच्या तक्रारींसाठी ही यंत्रणा राज्यभर बसवली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता.

मुलांसाठी मात्र एक अपवाद केला गेला. अठरा वर्षांखालच्या कुणाचंही पाऊल साठवायचं नाही. लहान वयातल्या चुकीचा डाग आयुष्यभर राहू नये, म्हणून यंत्र ती पावलं नोंद होण्याआधीच वजा करतं. वजावट न केलेली मूळ नोंद तीस दिवस मोहोरबंद राहते आणि मग आपोआप पुसली जाते. मला तो नियम माणुसकीचा वाटला होता. अजूनही वाटतो. त्या नियमामुळेच पडद्यावर माझी आई कुणीही नसलेल्या खोलीत मागे मागे सरत होती.

राहिला प्रश्न शंकेचा. त्यासाठी तीन वर्षांनी घरोघरी एक डबी जोडली. धक्का संशयास्पद वाटला की भिंतीवरची डबी बोलते आणि घरातल्या माणसाला विचारते. उत्तरावरून रंग ठरतो. लाल आला की पोलीस आणि डॉक्टर घेऊन गाडी निघते. त्यात मूल गुंतलं असेल तर साध्या कपड्यातला पोलीस आणि समुपदेशक जातात. हिरवा आला की कुणी जात नाही.

कुठल्या मराठी उत्तराला कुठला रंग द्यायचा याची नियमावली पुण्यातल्या ज्या कंपनीत तयार झाली, तिथे मी भाषातज्ज्ञ आहे. नियमावली मी लिहिली.

“आवाज ऐकायचेत?” मुजावरांनी विचारलं. “सोळा महिन्यांत अकरा वेळा डबी बोलली होती तुमच्या आईशी. अकराही हिरवे.”

आई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. महानंदा बिराजदार. सोलापुरातल्या निम्म्या व्यापाऱ्यांना ती आवाजाने ओळखायची. ती फोनवर कधीच दमलेली वाटायची नाही.

“लागलं हो थोडं. कपाटाचं दार.”

“लागलं. चष्मा नव्हता डोळ्यांवर.”

“काही नाही, लागलं. तुझं जेवण झालं का?”

“मी यंत्र आहे. मला जेवण लागत नाही,” डबी म्हणाली.

“बरंय बाई तुझं,” आई म्हणाली आणि हसली. मुजावरही नकळत हसल्या, मग त्यांनी मान खाली घातली.

अकरावा आवाज चार वाजून चौदा मिनिटांचा होता. ती तेव्हा फरशीवर पडलेली होती.

“महानंदाताई, चाहूलकडून बोलतेय. घरात धक्का जाणवला. तुम्ही ठीक आहात ना? कुणी मारलं का?”

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग ती म्हणाली, “त्याचा हात लागला मला.”

“लागल्याचं ऐकून वाईट वाटलं. जखमेवर थंड पाणी लावा. काळजी घ्या.”

मुजावरांनी ध्वनिफीत थांबवली. “माझ्या कानाला तर हे सांगणंच वाटतं,” त्या म्हणाल्या. “‘त्याचा’ म्हणाल्या त्या. नाव तेवढं घेतलं नाही. मग यंत्राला का कळलं नाही?”

“नियम चौदा,” मी म्हणाले.

“काय?”

“काही नाही.”

इंग्रजीत जखम सांगायची तर बहुतेक वेळा कुणी केली ते सांगावं लागतं, निदान वाक्याला एक मालक तरी द्यावा लागतो. मराठीत ती गरज नाही. ‘मला लागलं.’ वाक्य पूर्ण आहे, व्याकरणशुद्ध आहे, आणि त्यात मारणारा कुणी नाही. वाटलं तर एखादं दार घाला, एखादा कोपरा घाला, एखादा हात घाला. हात कुणाचा, हा प्रश्न वाक्य स्वतःहून विचारत नाही. आपल्या बायकांनी या क्रियापदात किती घरं झाकून ठेवली आहेत, हे मी कॉलेजात असताना एका निबंधात लिहिलंही होतं.

तरी मी नियम चौदा लिहिला. ‘लागणे’ या क्रियापदाची रूपं, कर्ता नसल्यास किंवा कर्ता वस्तू वा अवयव असल्यास, अपघात समजावीत. रंग हिरवा. कारण डबीच्या चाचणीच्या काळात ‘लागलं’ म्हणणाऱ्या शंभर घरांत गाडी गेली, तेव्हा त्र्याऐंशी ठिकाणी खरोखरच कुणीतरी ठेचकाळलं होतं. पोलीस वैतागले होते. उरलेल्या सतरांचं काय, असं बैठकीत एका नव्या मुलीने विचारलं. मी म्हणाले, सतरांपैकी ज्यांना मदत हवी असेल ते ‘मारलं’ म्हणतील.

त्या बैठकीच्या आधीच्या शनिवारी मी स्वतः त्या सतरांपैकी एक झाले होते. आमच्या इमारतीतही चाचणीची डबी होती. शर्विल तेव्हा चौदाचा होता. मी त्याचा फोन काढून घेतला आणि त्याने मला फ्रिजवर ढकललं. पहिल्यांदा नव्हतं ते. डबीने विचारलं. मी ओठाचं रक्त पुसत, ऑफिसात बोलते तशा आवाजात म्हणाले, “काही नाही, लागलं.” सोमवारी जाऊन त्या वाक्याला हिरवा रंग दिला.

आणि त्यानंतरच्या जूनमध्ये त्याला सोलापूरला आईकडे पोचवलं. हवापालट म्हणून. त्याच्या वडिलांनी दुसरं घर केल्यापासून तो बिथरलाय, एवढंच तिला सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही.

“मूळ नोंद उघडता येते,” मुजावर म्हणाल्या. “पण मला नाही. मुलाचं पाऊल पोलिसांनी मागायचं नाही, असा नियम आहे, आणि बरोबरच आहे तो. नाहीतर आम्ही रोज मागू. गेलेल्या माणसाच्या जवळच्या नातेवाइकाचा अर्ज लागतो. तुमचा. बारा दिवस उरलेत.”

“उघडली तर?”

“बाल न्याय मंडळापुढे जाईल. सोळा पूर्ण आहेत त्याला. गुन्हा गंभीर ठरला तर मोठ्यांसारखा खटला चालवायचा का, ते मंडळ बघेल. चालवतीलच असं नाही.” त्या थांबल्या. “मी तुम्हाला करा म्हणत नाही. मलाही पोरगं आहे. पण माझ्या हद्दीत चार घरं अशी आहेत, मला माहीत आहेत. भाजीवाली सांगते, शेजारीण सांगते. डबी हिरवा दाखवते. हिरवा असताना मी दार वाजवलं तर मलाच नोटीस येते. नियम बदलायला एक तरी सिद्ध झालेली केस लागते म्हणे. एक नाही अजून राज्यात. कारण कुणाचा मुलगा, कुणाचा नातू. अर्ज कोण करणार?”

आईच्या घरी परतले तेव्हा शर्विल स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून कडक भाकरी शेंगाचटणीला लावून खात होता. आईच्या हातची चटणी. बरणीत तळाशी थोडी उरली होती.

“तुला ठेवलीय,” तो म्हणाला. “घे.”

“नको.”

“पोलीस काय म्हणाले?”

“आजीची पावलं दाखवली.”

तो चावायचा थांबला. “आणि माझी?”

“तुझी दिसत नाहीत. अठराच्या आत कुणाचीच दिसत नाहीत.”

“म्हणजे मी नव्हतोच.”

“यंत्रासाठी नव्हतास.”

“आणि तुझ्यासाठी?”

मी समोरची खुर्ची ओढून बसले. आमच्यात टेबल राहील अशी. ते त्याच्या लक्षात आलं.

“ती तीन पावलं मागे गेली, शर्विल.”

“फोन मागत होती. मी म्हटलं देणार नाही. ती हात पुढे करून उभीच. काही बोलेना. नुसती उभी. तू तरी ओरडायचीस.” त्याने भाकरीचा तुकडा मोडला, पुन्हा मोडला. “मी मारलं नाही. हात लागला.”

“लागला नाही. तू मारलंस.”

“हो.”

इतक्या पटकन तो हो म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. त्याचा आवाज अजून पुरता फुटलेला नव्हता.

“आजी विचारायची,” तो म्हणाला, “‘एवढी वाईट आहे का रे पुण्याची हवा? तुझी आई कशी राहते मग तिथं?’ पहिल्यांदा मारलं ना मी तिला, तेव्हा ती म्हणाली, ‘केतकीला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल.’ म्हणजे तिला वाटायचं, हे तिच्याकडे येऊनच सुरू झालं. तिचंच काहीतरी चुकतंय. चार चार भाज्या करायची. तू का नाही सांगितलंस तिला?”

“सांगितलं असतं तर—”

“तर घेतलं नसतं तिनं मला.”

“घेतलं असतं. सावध राहून घेतलं असतं.”

तो उठला. मी खुर्ची मागे सरकवली. ठरवून नाही. तो फक्त ताट धुवायला उठला होता. नळ सोडून, माझ्याकडे पाठ करून त्याने विचारलं, “अर्ज केलास तर मला नेतील?”

“हो.”

“आणि नाही केलास तर?”

“माझ्याबरोबर पुण्याला. शाळा. एक डॉक्टर बघितलेत मी.”

पाणी वाहत राहिलं. ताट केव्हाच स्वच्छ झालं होतं.

“आई, तुझ्या खोलीला आतून कडी आहे का?”

“नाही.”

“लावून घे,” तो म्हणाला.

नऊ दिवस मी काही केलं नाही. लोक भेटायला येत होते. वरच्या मजल्यावरचे कोडगीकाका, ज्यांनी आईला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं, रोज येऊन बसायचे आणि तेच सांगायचे. “डॉक्टर म्हणाले, मेंदूत हळूहळू रक्त साचत होतं. तासभर आधी आणलं असतं तर ऑपरेशन करता आलं असतं. मीच पाचला खाली उतरलो बघ. दुपारी झोपलो होतो.” मग शर्विलच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायचे, “पोरगं भेदरून गेलं होतं गं, तोंडातून शब्द फुटेना.” शर्विल मान खाली घालून ते सहन करायचा.

सत्ताविसाव्या दिवशी मी मुजावरांच्या टेबलावर अर्ज ठेवला. कारणाच्या रकान्यात एक वाक्य लिहिलं होतं: ‘माझ्या मुलाने माझ्या आईला मारले असे मला माहीत आहे.’ कर्ता, कर्म, क्रियापद. ते वाक्य लिहायला मला नऊ दिवस लागले. मुजावरांनी ते वाचलं, शिक्का मारला, आणि संध्याकाळी स्वतः, साडी नेसून, शर्विलला घ्यायला आल्या. जीप गल्लीच्या बाहेर उभी केली होती. “चल बाळा,” म्हणाल्या. त्याने आजीची शाल घेऊ का विचारलं. मुजावरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणाले.

मुलांच्या निरीक्षणगृहात मी दर रविवारी जात होते. तो भेटायला बाहेर यायचा नाही. रखवालदार म्हणायचे, “झोपलाय.” भर दुपारी बारा वाजता.

मंडळापुढे मूळ नोंद उघडली तो दिवस सोमवार होता. साधी खोली, लांब टेबल, मधे अध्यक्षा, दोन्ही बाजूंना दोन सदस्य. शर्विल मुजावरांच्या शेजारी बसला होता. वजन उतरलं होतं त्याचं. तंत्रज्ञ मुलाने पडदा लावला.

या वेळी खोलीत दोन ठिपके होते. पिवळा आणि निळा. अकरा सेकंद ते समोरासमोर राहिले. निळा पुढे आला, पिवळा मागे गेला. पहिला धक्का, दुसरा, तिसरा. माझ्या शेजारी बसलेल्या समुपदेशक बाईंनी डोळे मिटले. मी उघडे ठेवले. त्यासाठीच तर अर्ज केला होता.

पिवळा ठिपका पडला तिथेच राहिला. निळा तिच्याजवळ खाली बसला.

“इथून पुढे एकेचाळीस मिनिटं मोठी हालचाल नाही,” तंत्रज्ञ म्हणाला. “मुलगा घर सोडून गेलेला नाही. अधूनमधून उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो. मग शेजारी येतात.”

“एकेचाळीस मिनिटं,” उजवीकडचे वयस्कर सदस्य शर्विलला म्हणाले. रागावून नव्हे, खरोखरच कळत नसल्यासारखं. “अरे, आजी डोळ्यांसमोर पडलीय. एक फोन करायचा ना. कुणालाही. का नाही केलास?”

मुजावर त्याच्याकडे झुकल्या. “सांग. कुणी रागावणार नाही.”

“डबी बोलली होती,” तो म्हणाला.

“मग?”

“आजीनं सांगितलं तिला. माझ्यासमोर. हात लागला म्हणून सांगितलं. आधी कधी सांगायची नाही, त्या दिवशी सांगितलं.” त्याने शालीचं टोक बोटाला गुंडाळलं. “मला वाटलं, पोलीस निघाले असतील. गाडीत डॉक्टर असतो ना. आजी पण म्हणाली, ‘येतील आता, घाबरू नकोस.’ मग ती बोलेना. मी बघत होतो सारखा. दार उघडूनच ठेवलं होतं मी.”

तंत्रज्ञाने, कुणी सांगितलं नसताना, ती एकेचाळीस मिनिटं वेग वाढवून पुढे सरकवली. निळा ठिपका उठला, दारापर्यंत गेला, थांबला, परत आला. उठला, गेला, थांबला, परत आला. नऊपर्यंत मी मोजलं.

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मुलाच्या आईला काही सांगायचंय?”

मी उभी राहिले. “ते उत्तर हिरवं ठरवणारा नियम मी लिहिलाय. नियम क्रमांक चौदा. गाडी माझ्यामुळे आली नाही.”

लेखनिकाने वर पाहिलं, मग अध्यक्षांकडे. लिहायचं का, अशा नजरेने.

“आजचं कामकाज मुलापुरतं आहे,” अध्यक्षा म्हणाल्या. आवाज मऊ होता. “यंत्रणेबद्दल काही म्हणायचं असेल तर तुम्हाला वेगळा अर्ज करावा लागेल. कुठल्या कार्यालयाकडे, ते मलाही चौकशी करून सांगावं लागेल. बसा तुम्ही.”

लेखनिकाने पेन खाली ठेवलं होतं. शर्विल माझ्याकडे बघत होता, दोन महिन्यांत पहिल्यांदा. त्याला कळलं होतं. मी उभीच राहिले, कारण त्याच्या नजरेसमोर खाली बसणं मला जमेना. शेवटी मुजावर उठून माझ्याजवळ आल्या, दंडाला धरलं आणि मला बसवलं.